गार खोलीचं दार

दाबाच्या गेजचा काटा शून्याच्या खाली जाऊन टेकला तसा थंडोबाने गेजची चावी पिळली, पंप बंद केला आणि तो गॅलरीत उकिडवा बसून राहिला. पंपाची घरघर थांबताच घर एकदम गप्प झालं. आता करण्यासारखं काहीच नव्हतं, नुसतं बघायचं होतं. एसीच्या तांब्याच्या नळ्यांतली सगळी हवा पंपाने ओढून बाहेर काढली होती. जोड घट्ट असतील तर काटा होता तिथेच राहणार. कुठे केसाएवढी फट असेल तर बाहेरची हवा आत शिरणार आणि काटा हळूच वर सरकणार. तसं झालं तर पुढचं सगळं अडलं.

"जावईबापू, लावायचा ना आता?" सासूबाईंनी गॅलरीच्या दारातून विचारलं. सकाळपासून त्यांनी हे इतक्यांदा विचारलं होतं की आता तो नुसता हात वर करत होता. घरात एसी येणार म्हणून त्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते, आणि त्याच कपड्यांत त्या भिंतीच्या भोकातून पडलेला चुन्याचा सडा झाडत फिरत होत्या.

थंडोबा हे काही त्याचं नाव नव्हे. धंदा एसी बसवायचा आणि स्वभाव असा की घराला आग लागली तरी हा आधी चपला शोधेल, म्हणून बरोबरच्या मेकॅनिकांनी ते ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलं. गिऱ्हाईक कितीही मागे लागो, हा काट्यासमोर मांडी ठोकून बसायचा. घाई असेल तर पंखा लावून बसा, असं त्याने भल्याभल्यांना सुनावलं होतं. पण आज त्याला स्वतःलाच धीर निघत नव्हता, कारण आज गिऱ्हाईक घरचं होतं.

ते गिऱ्हाईक, म्हणजे त्याची बायको, बाहेरच्या खोलीत पलंगावर पडलं होतं, कपाळावर आणि दोन्ही मनगटांवर ओले रुमाल ठेवून. अख्खी वस्ती तिला अजूनही टपालवाली म्हणायची. खांद्याला पिशवी अडकवून तिने या भागातले सगळे जिने चढून-उतरून झिजवले होते. कोणाचा कुत्रा नुसताच भुंकतो आणि कोणाचा खरंच चावतो, कोणाची बेल वाजत नाही म्हणून खिडकीवर टकटक करावी लागते, हे तिला आजही तोंडपाठ होतं. मग नसांचं ते दुखणं मागे लागलं. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं ते एवढंच, की अंग तापलं की डोक्याचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. त्यावर डॉक्टरांसमोरच ती म्हणाली होती, "म्हणजे आतला पोस्टमन संपावर गेलाय म्हणा की." डॉक्टर हसले, थंडोबाला मात्र हसता आलं नव्हतं.

हिवाळ्यात ती बरी असायची. काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची, येताना कोणाकोणाच्या दारात उभी राहून गप्पा मारायची. ऊन तापायला लागलं की मात्र एकेक करून सगळं सुटायचं. आधी जिना सुटायचा, मग स्वयंपाकघर, मग हातातला पेला. दुपारी तर तिला कूससुद्धा कोणीतरी बदलून द्यावी लागे. आणि नेमका तोच थंडोबाच्या कामाचा मोसम. दिवसभर दुसऱ्यांची घरं गार करायची आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोच्या कपाळावरचा रुमाल बदलायचा. याची त्याला इतकी लाज वाटायची की गिऱ्हाइकाने गार झालेल्या खोलीत बसून प्यायला काही दिलं तर तो ते बाहेर जिन्यावर येऊन प्यायचा.

बरं, आपल्या घरी एसी का नाही, तर घरमालक. म्हातारा मनाने वाईट नव्हता, पण या घराच्या भिंतींवर त्याचा पोटच्या पोरांपेक्षा जास्त जीव. खिळा ठोकायचा म्हटलं तरी तो कपाळाला आठ्या घालायचा, मग नळीसाठी आरपार भोक तर लांबच राहिलं. दुसरीकडे जायचं म्हटलं की टपालवाली आडवी यायची. इथली दारं ओळखीची आहेत, नवीन ठिकाणी मला कोण विचारतंय, असं म्हणून ती विषयच मिटवायची.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी असं झालं, की घरमालक दुपारी जिना उतरत होता आणि वळणावर टपालवाली बसलेली दिसली. बसली होती ती विश्रांतीसाठी, पण उठता येईना. हाकसुद्धा मारली नव्हती तिने. घरमालकाला बघून म्हणाली, "काही नाही काका, तुमचं पत्र आहे का बघत होते." घरमालकाला इतकी वर्षं तिनेच पत्रं आणून दिली होती, परदेशातल्या मुलाची, गेलेल्या भावाची. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला, तिला उचलायला थंडोबा येईपर्यंत तसाच बसून राहिला. आणि या वर्षी ऊन तापायच्या आधी एक दिवस आपणहून वर आला, आतल्या खोलीत गेला आणि भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, "इथे पाड भोक. पण सरळ पाड."

भोक सरळच पडलं होतं. आतल्या खोलीत भिंतीवर पांढरंशुभ्र यंत्र बसलं होतं, गॅलरीत त्याचं जोडीदार धूड बसलं होतं, आणि दोघांमधल्या नळ्या काळ्या फोममध्ये गुंडाळून वर पांढरी पट्टी अशी काही झोकात लपेटली होती, की गिऱ्हाइकांच्या घरीसुद्धा त्याने इतकी नीट लपेटली नसेल.

आणि काटा सरकला.

आधी त्याला वाटलं, डोळ्यात घाम गेला असेल. शर्टाच्या बाहीने डोळे पुसून त्याने परत बघितलं. काटा वर आला होता. फार नाही, अगदी नखाएवढा, पण आला होता. चूक काय ते त्याला ताबडतोब कळलं, कारण ती चूक त्याने ठरवून केली होती. नळ्या जोडल्यावर त्यांत आधी नायट्रोजन भरून, जोडांवर साबणाचा फेस लावून बघायचं, मग पंप लावायचा, हा त्याचा कधीही न मोडलेला रिवाज. आज सिलिंडर खाली गाडीत राहिला होता आणि त्याने मनाशी म्हटलं होतं, मरू दे, जोड आपलेच आहेत, आपल्याच हातचे आहेत. आयुष्यात पहिल्यांदा घाई केली ती नेमकी स्वतःच्या घरात.

आता परत जिने उतरा, सिलिंडर वर आणा, नायट्रोजन भरा, जोड शोधा, ती झोकदार पट्टी उसवा, परत पंप लावा, परत काट्यासमोर बसा. म्हणजे दुपार गेलीच. गॅलरीची फरशी आत्ताच चटके देत होती. पलंगावर तिचा एक हात काठावरून खाली लोंबत होता आणि तो तिला वर घेता येत नव्हता, हे त्याला बसल्या जागेवरून दिसत होतं. त्याच्या खिशात व्हॉल्व्ह उघडायची चावी होती. दोनदा फिरवली की गॅस नळ्यांत सुटला असता आणि खोली आत्ता, या घटकेला गार झाली असती. गळती एवढीशीच आहे, आज गार करू, उद्या उघडून बघू. चावी हातात आलीसुद्धा.

"अहो," पलंगावरून आवाज आला. तिचा आवाजही उन्हात पातळ व्हायचा. "थांबला का काटा?"

इतकी वर्षं रोज रात्री तो तिला कामाच्या गोष्टी सांगत आला होता. काटा म्हणजे काय, तो थांबणं म्हणजे काय, घाईने गॅस सोडणाऱ्या मेकॅनिकाला थंडोबा काय काय शिव्या घालतो, सगळं तिला ठाऊक होतं. तिच्याशी खोटं बोलायचं तर आधी ती सगळी वर्षं खोटी करायला हवी होती.

"नाही थांबला," तो म्हणाला.

"मग बसलात काय? उठा."

सासूबाईंचा चेहरा पडला. वर काय चाललंय ते बघायला आलेल्या घरमालकाने आधी भिंतीकडे बघितलं, भोकामुळे तर काही झालं नाही ना म्हणून. थंडोबाने सासूबाईंना त्यांच्या लेकीचा लोंबणारा हात दाखवला, त्यांनी तो उचलून उशीवर ठेवला, आणि हा खाली धावला. थंडोबाला जिन्यावरून धावताना त्या घराने पहिल्यांदाच पाहिलं असेल. सिलिंडर घेऊन वर येताना वळणावर, मागोमाग उतरलेल्या घरमालकाने खालून हात दिला. हात कसला, नुसती बोटं लावली होती, पण वर पोचल्यावर सिलिंडर आपणच आणल्यासारखा तोच जास्त धापा टाकत होता.

बाहेरचे दोन्ही जोड साफ निघाले. फेस होता तसा बसून राहिला, एक बुडबुडा नाही. मग त्याने आतल्या यंत्राखाली स्टूल लावलं, पट्टी उसवली, फोम बाजूला सारला आणि जाड नळीच्या नटावर ब्रशने फेस लावला. फेस फसफसून वर आला. त्याने पाना लावला तर नट सहज फिरला. नुसता हाताने बसवलेला होता, पाना त्याला लागलेलाच नव्हता.

असं कसं झालं? थंडोबा स्टुलावर उभ्या उभ्या सकाळ आठवायला लागला. नट हाताने बसवला, पाना उचलला, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत ती हसली होती. सासूबाई गॅलरीतल्या धुडाभोवती फिरून फिरून बघत होत्या आणि शेवटी त्यांनी लेकीला विचारलं होतं, की सगळं ठीक आहे, पण यात बर्फ कुठून घालायचा? बिचाऱ्यांनी इतके उन्हाळे लेकीसाठी बर्फ फोडण्यात घालवले होते, त्यांना दुसरं काय सुचणार. त्यावर ती हसली होती, चांगली मोठ्याने, पूर्वी जिन्यात हसायची तशी. उन्हाळ्यात तिचं हसू त्याने कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. तो पाना ठेवून बघायला गेला, दारात उभा राहून बघतच राहिला, आणि परत येऊन त्याने सरळ पट्टी लपेटायला घेतली.

त्याने पाना दोन्ही हातांत धरून नट आवळला, आणि बाहेर जाऊन तिला खरं ते सांगून टाकलं. एक जोड कच्चा राहिला होता, तू हसलीस म्हणून.

ती छताकडे बघत होती. डोळे तेवढे त्याच्याकडे वळवून म्हणाली, "बरं, आता नाही हसत. जा, नीट बघा."

मग परत साबण, परत पंप, परत ती घरघर. सासूबाईंनी लिंबाचं सरबत केलं, घरमालक ते चहासारखी फुंकर मारून प्यायला आणि मग स्वतःच चपापला. कोणाचं कशात लक्ष नव्हतं. पंप थांबला तेव्हा तिघेही काट्याभोवती गोळा झाले, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. थंडोबाने या वेळी घाई केली नाही. पुरेसा वेळ झाला असं घरमालक म्हणाला, सासूबाई म्हणाल्या, पण तो बसूनच होता. काटा जागचा हलत नव्हता. त्याने काचेवर टिचकी मारून बघितली, तरी नाही.

"थांबला," तो म्हणाला, आणि आवाज असा फुटला की त्याला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

पुढची कामं त्याच्या हातांना डोक्याशिवाय येत होती. व्हॉल्व्ह उघडले, नळ्यांतून गॅस सुसाटत गेल्याचा आवाज ऐकला, टोप्या घट्ट केल्या, जोडांवर परत एकदा फेस फिरवला. आतल्या यंत्रात तांब्याभर पाणी ओतून ते नळीतून गॅलरीत बाहेर पडतंय ना ते बघितलं. भिंतीतलं भोक पुट्टी भरून बुजवलं. घरमालकाने ते बोट फिरवून तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या नाहीत, म्हणजे पसंत होतं. मग थंडोबाने आणि त्याने मिळून टपालवालीला खुर्चीत घालून आतल्या खोलीत नेलं आणि तिथल्या पलंगावर उशीला टेकवून बसवलं.

आता रिमोट. थंडोबाचा आणखी एक रिवाज होता. यंत्र ज्याच्यासाठी, पहिलं बटण त्याने दाबायचं. मोठमोठ्या बंगल्यांतसुद्धा तो आधी विचारायचा, कोणासाठी बसवताय, आणि कधी बाळाच्या, कधी पडून असलेल्या म्हाताऱ्याच्या हातात रिमोट द्यायचा. सासूबाईंनी मोठेपणाचा मान म्हणून हात पुढे केला होता, पण जावयाचा चेहरा बघून त्यांनी तो मागे घेतला.

त्याने रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. तिने उजवा हात हलवायचा प्रयत्न केला. हात रिमोटवर आला, पण अंगठा बटणावरून घसरला. परत एकदा घसरला. घरमालक मदतीला वाकला तशी ती म्हणाली, "काका, थांबा." तिने हात तसाच राहू दिला, डोळे मिटले, आणि मग अंगठ्याऐवजी हाताची मूठच बटणावर टेकवली.

टिक झालं. यंत्राचं झाकण हळूहळू उघडलं, पंखा फिरायला लागला. सगळ्यांनी तोंडं वर केली. वारा आला, पण साधाच, पंख्याचा असतो तसा. गॅलरीतलं धूड ढिम्म होतं.

"बिघडलं," घरमालक म्हणाला.

थंडोबा म्हणाला, "बिघडलं नाही काका. बाहेरचं सावकाश उठतं." प्रत्येक घरी हे सांगताना तो मजेत असायचा. आज तो स्वतःच गॅलरीकडे कान लावून उभा होता. सासूबाई पुटपुटायला लागल्या. टपालवाली मात्र मान टेकवून शांत बसली होती, जणू दार वाजवून झालंय आणि आतून कोणीतरी येणारच आहे.

गॅलरीतून घुमल्यासारखा आवाज आला. मग खिडकीची काच किंचित थरथरली आणि वाऱ्याची धार बदलली. आधी ओलसर, मग गार, मग चांगली बोचरी. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की!" आणि हात पसरून त्या वाऱ्याखाली लहान मुलीसारख्या उभ्या राहिल्या. घरमालक आपल्याच भिंतीला पाठ लावून हसत होता. बंद खोलीत चौघांनाही एकाच वेळी बोलायचं होतं आणि कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

थंडोबा बोलत होता, पण त्याची नजर तिच्या हातावर होती. खोली गार झाली, ते त्याचं काम होतं आणि ते झालं. ती उठेल का, हे मात्र कोणत्याच काट्यावर दिसत नव्हतं. फरक पडू शकतो, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पडेल असं म्हणाले नव्हते. सबंध हिवाळा त्याने या एका शब्दावर काढला होता. आता समोर बसून टक लावून बघणं त्याला सोसेना. पसारा आवरतो म्हणून तो उठला आणि दार लोटून बाहेर आला.

बाहेरच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. त्याने पाने पुसले, पंपाची वायर गुंडाळली, चुना पोत्यात भरला. मग जमिनीवर बसून तो गेजच्या नळ्या गुंडाळायला लागला. मध्येच सासूबाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि थकून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या. बसल्या त्या तशाच झोपल्या. बऱ्याच वेळाने घरमालक दंड चोळत बाहेर आला. मला बुवा थंडी वाजली, स्वेटर घालून येतो, असं सांगून खाली गेला. जाताना म्हाताऱ्याने आतल्या खोलीचं दार सताड उघडं टाकलं.

गार हवेचा लोट थंडोबाच्या पाठीवर आला. प्रत्येक घरून निघताना तो जे शेवटचं वाक्य बोलायचा, ते मान खाली घालून नळ्या गुंडाळता गुंडाळता त्याच्या तोंडून सवयीने बाहेर पडलं.

"दार लावून घ्या, गार हवा बाहेर चाललीये."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आत फक्त ती आहे. त्याने जीभ चावली. कोणाला सांगतोय आपण हे. तो नळ्या टाकून उठायला गेला, तेवढ्यात आत पलंग कुरकुरला.

थंडोबा गुडघ्यावरच थांबला. आत पाय घासल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग परत घासल्याचा, थोडा जवळून. भिंतीवरून तळहात सरकत येत होता. बाहेर कलत्या दुपारचं ऊन तावदानांवर आपटत होतं. धावत जाऊन तिला धरावं असं त्याच्या अंगाअंगाला वाटत होतं, आणि तो जागचा हलला नाही.

दाराच्या कडेवर चार बोटं आली. तिचीच. त्यांनी कड पकडली, जरा दम खाल्ला, आणि दार सावकाश मिटत गेलं. फटीतून येणारी गार हवा बारीक झाली, आणखी बारीक झाली आणि बंद झाली. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. टपालवाली कोणतंही काम अर्धवट सोडायची नाही.

थंडोबा गरम खोलीत उभा राहिला. शर्ट पाठीला चिकटला होता, हातात अर्धवट गुंडाळलेली नळी होती, डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून खाली पडत होतं आणि त्याला ते पुसायचं सुचत नव्हतं. आत जावं असं फार वाटत होतं. पण दार वाजवायचं म्हणजे तिला ते उघडावं लागलं असतं, आणि ते तिने आत्ताच लावलं होतं. तो परत खाली बसला आणि त्याने नळी गुंडाळायला घेतली.